रुमालाखालचा भाव

दिवस कलताना सन्मती आली, हरिपुरात,
पिशवीतनं चपटा पुडा काढला,
खाकी कागद, वर दोऱ्याची गाठ.
म्हणाली, तात्या, माझा पहिला माल.
भाव करा.

विश्रामबागेत दहा बाय बाराची खोली घेतलीय तिनं.
केरळातनं पोत्यानं बिया येतात.
ती भाजते, पाखडते,
दगडी चक्की दोन दिवस, दोन रात्री फिरत राहते,
शेजारी तक्रार करतात.
साखर नावापुरती. सत्त्याऐंशी टक्के, म्हणाली.
कशाचे, ते मी विचारलं नाही.
हळदीतही टक्के आम्ही असेच ऐकून घ्यायचो
आणि मग कांडी मोडायचो.

चाळीस वर्षं यार्डात हळकुंडं मोडली मी.
ओला माल गप्प मोडतो.
वाळलेला बोलतो.
हे चॉकलेट बोललं. टच्च.
टेबलफॅनच्या घरघरीतही नीट ऐकू आलं.
मोडल्या जागी बघितलं: एकजीव,
भोक नाही, रवा नाही.
बोटांची पिवळाई अजून गेली नाही माझ्या,
तिच्यावर हा काळा ठसा उठला
आणि उन्हाळ्यानं लगेच पसरवला.

हिनं तुकडा तोंडात टाकला,
कराकरा चावला, पाणी प्याली,
म्हणाली, करपलंय गं पोरी.

मी चावलं नाही.
ज्यानं पेव उघडलंय
त्याला थांबणं शिकवावं लागत नाही.
माती उकरली, तोंडावरचा दगड सरकवला
म्हणून कुणी लगेच आत उतरत नाही.
आतली हवा माणूस ठेवत नाही.
दोरीनं कंदील सोडायचा,
विझला की काठावर बसायचं,
पोरांना लांब हाकलायचं,
गप्पा मारायच्या, लग्नाच्या, म्हशीच्या,
परत कंदील सोडायचा.
मग केव्हातरी तळातनं वास वर येतो,
तो आला की उतरायचं.

तसा तो तुकडा जिभेवर ठेवला
आणि बसलो.

आधी काहीच नाही. गुळगुळीत खडा.
मग कडू.
कारल्याचं नव्हे, काढ्याचं तर नव्हेच.
काहिलीच्या बुडाला गूळ धरतो
आणि गुळव्या शिवी देतो, ते कडू.
ते निवळलं तेव्हा कडेनं आंबट आलं,
तासगावच्या शेडवरचा मधल्या दिवसातला मणी,
धड द्राक्ष नाही, धड बेदाणा नाही.
भाजल्या शेंगदाण्याचं लाल फोल
टाळ्याला चिकटून गेलं.
सन्मती काहीतरी विचारत होती.
मी हात वर केला.
कारण आता माती येत होती.
पावसाची नव्हे, शेताचीही नव्हे,
वर्षभर अंधारात हळद सांभाळून बसलेली, कोरडी, गार,
तीस हात खालची.
आमची पेवं पुरानं बुजली.
वर आता कुणाच्या तरी गाड्या लागतात.
ही पोर तेव्हा पाळण्यात होती,
तिला हा वास कुणी सांगितला?

आमच्यात दिवस मावळायच्या आत तोंड धुतात.
संगमापल्याड सूर्य टेकला होता,
तुकडा अजून अर्ध्या रुपयाएवढा शिल्लक.
ही दारातनं बघत होती, तांब्या घेऊन.
गिळला. चूळ भरली. दोनदा.
दिवे लागले तरी घशाशी ते होतंच.
याला रात्रीचं खाणं म्हणायचं का,
महाराज आले की विचारायला हवं.

सन्मती म्हणाली, बोला की तात्या.
खांद्यावरचा टॉवेल काढला,
हात पुढं कर म्हणालो.
टॉवेलाखाली तिची बोटं धरली,
भाजून भाजून टोकं कडक झालेली.
यार्डात आम्ही असंच बोलायचो,
शेजारच्या अडत्याला पत्ता लागू न देता.
तिला ही भाषा येत नाही.
हसायला लागली, किती ते सांगा ना तोंडानं.

भाव तोंडानं सांगायचा नसतो.
चार बोटं दाबली.
थोडा थांबलो.
मग अंगठाही धरला.